शुक्रवारच्या रात्रीची खुंटी

१

हणमंतरावांनी मिरचीभज्याचा पहिला घास घेतला आणि दुसरा घ्यायच्या आत त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

रविवारची सकाळ होती. नांदेडातल्या त्यांच्या क्लासेसची ग्रँड टेस्ट अर्ध्या तासावर आली होती. किनवट, भोकर, कंधार, कुठून कुठून पोरं आली होती. या परीक्षेत वर येणाऱ्यांची स्पेशल बॅच व्हायची आणि तिला हणमंतराव स्वतः शिकवायचे. त्या बॅचमधलं पोरगं डॉक्टर झाल्याशिवाय राहत नाही, असं पालक छातीवर हात ठेवून सांगत. परीक्षेच्या आधी होस्टेलच्या गल्लीत एक चक्कर मारावी, गाड्यावर काहीतरी खावं, ही हणमंतरावांची जुनी सवय.

भज्याखालचा कागद तेलानं भिजून आरपार दिसत होता. त्यावर एक लंबक काढलेला होता. लंबकाशेजारी त्याची लांबी होती आणि लांबीखाली प्रश्न होता. तो प्रश्न हणमंतरावांनी गेल्या आठवड्यात स्वतःच्या डोक्यातून काढला होता.

"हा कागद कुठला रे?" त्यांनी गाडेवाल्याला विचारलं.

"रद्दी हाय की सायेब. पोरं टाकून गेली. लई झेरॉक्सा पडल्या होत्या होस्टेलच्या दारात. घ्या की अजून एक प्लेट."

हणमंतरावांनी प्लेट घेतली नाही. त्यांनी भजी बाजूला सारली, कागदाची घडी केली आणि तेलकट तशीच खिशात घातली. क्लासमध्ये सीलबंद गठ्ठे तसेच होते, एकाचीही दोरी सुटलेली नव्हती. तरी पेपर गावभर झाला होता.

परीक्षा रद्द झाली. पहाटेच्या गाडीनं आलेली पोरं दुपारच्या गाडीनं माघारी गेली.

२

मंगळवारी सकाळी शरणप्पा लातूरहून नांदेडला आले ते या प्रकरणाचा छडा लावायला नव्हे. त्यांना तसं कुणी सांगितलं असतं तर ते बसमध्ये चढलेच नसते. त्यांना बोलावलं होतं ते एका पत्राचं इंग्रजी तपासायला.

शरणप्पा लातूरच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजीचे मास्तर होते आणि हणमंतराव त्यांचे विद्यार्थी. निवृत्तीनंतर हणमंतरावांच्या दोन्ही शाखांचं इंग्रजी ते बघत. अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. वाक्य सुरू करतानाच "माझं चुकत असेल, पण" म्हणायचे, आणि पुष्कळदा त्या 'पण'पाशीच थांबायचे. पुस्तकांत मात्र त्यांना कुणी गप्प करू शकत नसे.

मुलं त्यांना 'खुंटी सर' म्हणत. इंग्रजी उताऱ्यातली वेळेची शब्दावली निवडून तिच्या जाती लावणं हे त्यांचं आयुष्यभराचं वेड होतं. जी वेळ स्वतःच्या पायावर उभी आहे, म्हणजे तारीख, वार, घड्याळाचा काटा, तिला लाल पेन्सिल. जी दुसऱ्या कशाला तरी लटकलेली आहे, 'नंतरच्या दिवशी', 'त्याआधी', तिला निळी. किती वेळ चाललं ते सांगणारीला हिरवी. पुन्हा पुन्हा होणाऱ्या, रोजच्या, दर आठवड्याच्या वेळेला पिवळी. निळा शब्द दिसला की फळ्यावर खडू आपटून विचारायचे, "हे कुठल्या खुंटीला लटकलंय? आधी खुंटी शोधा, मग अर्थ लावा."

हे वेड लागलं भूकंपाच्या साली. लातूरला तेव्हा त्यांच्याकडे किल्लारीकडच्या लोकांचे जबाब इंग्रजीत करायचं काम आलं होतं, बाहेरच्या एका मदत संस्थेसाठी. कुणीच तारीख सांगत नव्हतं. "गणपती बुडवून आलो, पाठ टेकली, आन् घर आंगावर आलं," असं सांगत. धरणी हलली पहाटे चारच्या सुमाराला. सरकारी कागदावर तीस तारीख लागली. पण उजाडलंच नव्हतं, तर लोकांच्या लेखी ती अनंत चतुर्दशीचीच रात्र होती, म्हणून कितीतरी कागदांवर एकोणतीस आली. संस्थेचा माणूस म्हणाला, ही माणसं वेगवेगळं सांगताहेत. शरणप्पांनी घसा खाकरून सांगितलं होतं, "माझं चुकत असेल, पण यांचा दिवस उजेडी बदलतो. बाराला नाही." त्या माणसानं ऐकलं होतं. शरणप्पांना त्याचं आजही नवल वाटे.

"या सर, बसा," हणमंतरावांनी पंखा त्यांच्याकडे वळवला. "लई मोठं काम न्हाई. चार ओळींचं लेटर हाय. नोकरीवरून काढायचं. आपलं इंग्रजी कच्चं नको दिसायला."

"कुणाला काढायचं?"

"मुबश्शिराला."

शरणप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मुबश्शिरा ऑफिसात पेपर टाइप करायची. वडील नाहीत. गणिताची चिन्हंसुद्धा न चुकता बसवणारी पोरगी. तिची धाकटी बहीण कशिश याच क्लासमध्ये सीईटीची तयारी करत होती, स्टाफच्या घरची म्हणून बिनफीची.

"आणि कशिश?"

"ती पण जाईल. एकीला चोर म्हणायचं आन् दुसरीला पुढच्या बाकावर बसवायचं, जमतं का सर? तुमीच सांगा."

३

हणमंतरावांच्या क्लासमध्ये एक शिस्त होती. जे काही असेल ते लेखी, आणि इंग्रजीत. रजेचा अर्ज इंग्रजीत, खडू संपले तरी इंग्रजीत. सोमवारी त्यांनी तिघांकडून लेखी जबाब घेतले होते: मुबश्शिरा, ऑफिस सांभाळणारे किशनराव आणि छपाईच्या मशीनवरचा भुजंग. पेपरला हात लागणारी माणसं एवढीच. पेपरच्या लोखंडी कपाटाला किल्ली एकच. दुसरी कधीची हरवली होती. रिवाज असा, की पेपर तयार झाला की मुबश्शिरानं तो कपाटात ठेवायचा, कुलूप लावायचं आणि किल्ली किशनरावांच्या हातात द्यायची.

"हे बघा तिचं खोटं." हणमंतरावांनी तिचा जबाब पुढे सरकवला. "लिहिती, ऑन फ्रायडे नाइट मी पेपर पुरा केला, कपाटात ठेवला, किल्ली किशनरावांना दिली. फ्रायडे नाइट! शुक्रवारी संध्याकाळी माझ्या नव्या घराची वास्तुशांत. सगळा स्टाफ माझ्या घरी जेवायला. ऑफिसचं शटर मी माझ्या हातानं ओढलं. ही तर शुक्रवारपासून रजेवर, कंधारला लग्नाला. मग कुठल्या फ्रायडेला आली? भूत होऊन?"

"ती काय म्हणते?"

"मी तिच्याशी बोललोच नाही. किशनरावांनी सांगितलं तिला, की साहेबांना तुझं खोटं सापडलं. रडत घरी गेली."

किशनराव दारातच उभे होते. भोकरकडचा शांत, गोड बोलणारा माणूस. "पोरगी वाईट न्हाई सर," ते हळहळून म्हणाले. "हातून झालं असंल. आपण कुणाचं वाईट चिंतू नये. मी म्हणलं साहेबांना, पोलिसात नका जाऊ."

"भुजंगचं काय?" शरणप्पांनी विचारलं.

"त्याच्यावर संशयच नाही," हणमंतराव म्हणाले. "शनिवारी वास्तुशांतीचा मांडव सोडवून मी इथं आलो, तेव्हा पेपर मशीनवर नुकताच चढलेला. तिथून गठ्ठ्यांना सील लागेपर्यंत मी खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसलो."

शरणप्पांनी तिन्ही जबाब घेतले आणि कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसले. पत्राच्या मसुद्याला त्यांनी हातच लावला नाही. सवयीनं पेन्सिली मात्र बाहेर निघाल्या.

मुबश्शिराच्या जबाबात 'फ्रायडे नाइट'ला लाल. 'द नेक्स्ट डे' कंधारला गेलो, याला निळी.

भुजंगचं इंग्रजी भयंकर होतं, पण वेळा सरळ होत्या. शनिवारी सकाळी लाइट आली तेव्हा पेपर हातात पडला, दुपारच्या जेवणापर्यंत मशीन चाललं. लाल, निळी, हिरवी.

किशनरावांचा जबाब सगळ्यांत सफाईदार. 'एव्हरी इव्हनिंग' मी किल्ली ताब्यात घेतो. 'ऑलवेज' कपाट तपासतो. 'एव्हरी सॅटर्डे' पेपर काढून छपाईला देतो. आणि मधेच एक ओळ: 'ऑन फ्रायडे नाइट' मला कुणीही किल्ली दिली नाही.

शरणप्पा त्या कागदाकडे बघत राहिले. पिवळाच पिवळा, हळदीत बुचकळल्यासारखा. त्यात एकच लाल ठिपका. काहीतरी खटकत होतं, पण काय ते हाताला लागेना. आपलंच चुकत असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

मात्र दुसरी एक गोष्ट त्यांना सोडेना. खोटं बोलायचं तर माणूस टिकणारं खोटं बोलतो. आपण रजेवर होतो हे अख्ख्या ऑफिसाला माहीत, ऑफिस बंद होतं हे मालकाला माहीत. असाच दिवस ही पोरगी कशाला निवडेल?

"कंप्युटरवर तारीख दिसत असेल ना, पेपर कधी पुरा झाला त्याची?" त्यांनी भुजंगला विचारलं.

भुजंग हसला. "त्या डब्ब्यात? त्याची बॅटरी मरून जमाना झाला सर. रोज लाइट जाती. चालू केला की रोज त्याचं एक जानेवारी. त्याच्या हिशोबानं आपण सगळे अजून जन्मायचे हाव."

"मी जरा... पत्रावर तिची सही लागेल ना?" शरणप्पा पुटपुटले, आणि हणमंतराव काही विचारायच्या आत जिना उतरले.

४

मुबश्शिराचं घर जुन्या नांदेडात होतं. शरणप्पांनी दाराची कडी वाजवली आणि लगेच दोन पावलं मागे सरले, जणू दुसऱ्याच कुणी वाजवली. आतून मुबश्शिराची आई, चांदबी, बाहेर आली.

"आओ सर, आओ. बाहर कायकू खडे?"

आत कशिश भिंतीशी बसून क्लासच्या नोट्सचे गठ्ठे बांधत होती. परत करायचे म्हणून. प्रत्येक गठ्ठ्याला दोरी बांधायच्या आधी ती वरचं पान एकदा वाचून घेत होती. शरणप्पांनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

मुबश्शिरानं खुर्ची पुढे केली. डोळे सुजलेले, पण आवाज ताठ. "सर, मी काय खोटं लिहिलं एवढं तरी कुणी सांगेल का? किशनचाचा म्हणतात, तुलाच ठाऊक. मला तर काही ठाऊक नाही."

"तू पेपर... कधी पुरा केलास?"

"लिहिलंय तेच सर."

चांदबी चहा घेऊन आली होती. "मेरे कू पूछो. जुमे की रात थी. मैं इसके अब्बा के नाम का फातेहा का खाना बनाको रखी, ये अंधेरा पडे बाद आई. मैं चिल्लाई भी, जुमे की रात कू इत्ती देर करते क्या? बोली, अम्मी, पेपर था, चाबी देको आई."

"आणि कंधारला कधी निघालात?"

"दूसरे दिन. मेरा भाई मस्जिद से आया, खाना खाया, फिर निकले. जुमे की नमाज छोडको कैसा निकलते?"

शरणप्पांचा कप ओठांपाशी थांबला.

"थांबा. माझं चुकत असेल, पण... दुसऱ्या दिवशी जुम्मा? म्हणजे शुक्रवार?"

"हौ. हौर क्या?"

"आणि आदल्या संध्याकाळी... शुक्रवारची रात्र?"

चांदबीनं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी लहान पोराकडे बघावी. "रात पहले आती सर. दिन बाद में. चाँद रात पहले, ईद बाद में. इत्ता बी नै मालूम? इत्ते पढे-लिखे आदमी!"

कशिश फिस्सकन हसली. दोन दिवसांत त्या घरातलं ते पहिलं हसू असावं.

मुबश्शिराचा हात तोंडावर गेला. "सर, मी... ऑफिसात मी थर्सडेच म्हटलं असतं. पण जबाब इथं बसून लिहिला, अम्मी शेजारी. घरात जसं बोलतो तसंच उतरलं. सूरज बुडाला की आमची जुमे की रात लागते."

शरणप्पांनी कप खाली ठेवला. ज्या शब्दाला आपण डोळे मिटून लाल लावली, तो स्वतःच्या पायावर उभाच नव्हता. तो या घराच्या खुंटीला लटकलेला होता. किल्लारीकडच्या माणसांचा दिवस उजेडी बदलतो, कचेरीचा बाराला, आणि या घरचा दिवा लागला की. हे आपल्याला भूकंपाच्या साली कळलं असं आपण मानत होतो. अर्धंच कळलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी हणमंतराव लातूरच्या शाखेत होते. ऑफिसात कोण होतं, हे त्यांना माहीत असायचं कारणच नाही.

पण किशनरावांना माहीत होतं.

५

आणि तरीही शरणप्पा क्लासवर न जाता बस स्टँडवर गेले.

लातूरची गाडी लागलेली होती. ते खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली. मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होतं, जा आणि सांग. दुसरं म्हणत होतं, सांगून काय सांगणार? ती खोटं बोलली नाही, एवढंच. पेपर तिनंच टाइप केलेला, तिला फोडायचा असता तर गुरुवारीही फोडता आला असता. हणमंतराव हसतील. किशनराव त्यांच्या विश्वासातले. आपण कोण? खुंटी सर.

कंडक्टर तिकिटं फाडत जवळ येत होता. "लातूर का, आजोबा? किती वाजता उतरायचं म्हणून विचारू नका, गाडी रोज लेट हाय."

"रोज?" शरणप्पा म्हणाले.

"रोजचं सांगतो. आजचं कसं सांगू? आजचा भरवसा मी देत नसतो."

शरणप्पा उठले. इतक्या घाईनं, की पिशवी शेजारच्या बाईच्या भाजीवर आदळली. पिवळ्या रंगात काय खटकत होतं ते त्यांना कळलं होतं. किशनरावांनी शनिवारचं काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी दर शनिवारचं सांगितलं होतं.

६

"सर, हे काय, रांगोळी काढली का?" रंगवलेले तीन कागद टेबलावर बघून हणमंतराव म्हणाले. "आन् लेटर कुठाय?"

"लेटर नाही." शरणप्पांनी टेबलाची कड धरली. भुजंग आणि किशनराव समोर उभे होते. "हणमंत, माझं चुकत असेल, पण... नाही. चुकत नाहीये. ऐक."

त्यांनी आधी शुक्रवारची रात्र सांगितली. चांदबी, फातेहाचं जेवण, नमाज, कंधार. हणमंतरावांच्या कपाळावर आठी पडली आणि हळूहळू सैल झाली.

"आमच्या शेजारी पण असंच बोलत्यात," भुजंग मधेच म्हणाला. "जुमे की रात म्हंजे गुरुवार रात. म्या लहानपणापासून ऐकून राहिलो. पण इंग्रजीत लिहिलं की कुणाला सुचतंय?"

"हे ठीक आहे सर," हणमंतराव म्हणाले. "मानलं. तिनं गुरुवारी काम केलं. पण म्हणून तिनं पेपर फोडला नाही, असं थोडंच होतं?"

"नाही होत. ती खोटं बोलली नाही एवढंच होतं. मग खोटं कोण बोललं ते बघू." शरणप्पांनी पिवळा कागद पुढे ओढला. "किशनराव, तुमच्या जबाबात सगळं रोजचं आहे. रोज संध्याकाळी, नेहमी, दर शनिवारी. रीत सांगितलीत. रीत खोटी नसते. पण रीत सांगितली की त्या एका दिवशी काय झालं, हे विचारायचं माणूस विसरतो. हणमंत विसरला. मीही विसरलो होतो."

किशनरावांचं गोड हसू तेवढं चेहऱ्यावर राहिलं, विसरून राहिल्यासारखं.

"भुजंग, गेल्या शनिवारी पेपर तुझ्या हातात कुणी दिला?"

"किशनरावांनीच की. लाइट आली आन् हे पेपर घिऊन आले. मागनं साहेब आले."

"कपाटातून काढून?"

"मग काय आभाळातनं?"

शरणप्पा हणमंतरावांकडे वळले. "किल्ली एकच आहे. किशनराव लिहितात, मला कुणी दिली नाही; आदल्या दिवशी मिळाली होती असंही लिहीत नाहीत. म्हणजे ती मुबश्शिराकडे राहिली. मुबश्शिरा शुक्रवारी दुपारपासून रविवारपर्यंत कंधारला. किल्ली कंधारला असती हणमंत, तर शनिवारी तुझी परीक्षा छापलीच गेली नसती."



"कपाट उघडंच होतं," किशनराव म्हणाले.

"मग तसं लिहायचं होतं. पेपरचं कपाट उघडं सापडलं, ही एका दिवसाची गोष्ट. ती सोडून कुणी रोजचं लिहितं का?"

"आन् शनिवारी मला फोनवर काय म्हणालास?" हणमंतराव सावकाश उठले. "मी विचारलं, पेपर नीट हाय ना? तू म्हणालास, आत्ताच कुलूप काढून भुजंगला दिला. कुलूप काढून, किशन."

किशनराव खाली बसले. खुर्चीवर नव्हे, फरशीवर.

"तिनं गुरुवारीच दिली होती किल्ली," ते म्हणाले. "मी कुणाचं वाईट करायला न्हाई गेलो साहेब. माझ्या गोलूचं सीईटीचं दुसरं साल हाय. पोरगं अभ्यासाला बसलं की घाम फुटतो त्याला. म्हणलं, स्पेशल बॅचला लागलं तर सुधरंल. शुक्रवारी सकाळी पेपर घरी नेला, त्याला बघायला दिला, परत ठेवला. त्यानं दोस्ताला सांगितलं. मी वास्तुशांतीत वाढत होतो, हिकडं या पोरांनी झेरॉक्स काढल्या." त्यांनी तोंड पुसलं. "तिच्या जबाबात फ्रायडे दिसला. मला कळलं ती काय म्हणती. तुम्हाला कळलं न्हाई हेबी कळलं. मी गप बसलो."

७

मुबश्शिराला बोलावून आणलं तेव्हा किशनराव अजून तिथंच होते. त्यांनी हात जोडले. 

"गोलूला अडत होतं तर सांगायचं ना चाचा," ती म्हणाली. "कशिशच्या वह्या दिल्या असत्या. आत्ताच सगळ्या बांधून ठेवल्यात, दोरीसकट."

किशनरावांनी त्याच दिवशी काम सोडलं. गोलूला काढायचंच, असा हणमंतरावांचा हट्ट होता. पोलिसांचंही त्यांनी एकदा काढलं. शरणप्पा तेव्हा पुन्हा बोलले, एका दिवसात दुसऱ्यांदा. "नवा पेपर काढ. सगळ्यांना बसव, त्यालाही. जे मार्क पडतील ते निदान त्याचे असतील."

"सर, तुम्ही लई बोलायला लागले," हणमंतराव म्हणाले. "पर्यवेक्षक पण तुम्हीच व्हा मग."

मुबश्शिरानं हणमंतरावांकडे एकच मागणं केलं. "सर, यापुढे जबाब मागायचा असला तर आधी समोर बसवून विचारा. इंग्रजी नंतर लिहून देते." हणमंतरावांनी मान हलवली. मालकाला तेवढं पुष्कळ होतं.

पुढच्या रविवारी परीक्षा झाली. किनवटची पोरं परत आली, भोकरची आली. शरणप्पा बाकांमधून अवघडून फिरत होते. आपल्या चपलेचा आवाज होतोय असं वाटून त्यांनी ती दारात काढून ठेवली. गोलू मागच्या बाकावर होता, कपाळावर घाम, पण पेन चालत होतं. कशिश खिडकीजवळ बसली होती. तिनं मान एकदाही वर केली नव्हती.

मग अचानक केली. चेहरा उतरलेला. एक गणित अडलं असावं.

"सर," ती कुजबुजली, "टाइम किती राहिला?"

शरणप्पांनी मनगटाकडे पाहिलं. काटे स्पष्ट दिसत होते. आयुष्यभर मुलांना त्यांनी नेमकी वेळ सांगायला शिकवलं होतं. लाल, पायावर उभी. ती जिभेवर आलीही होती.

"आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कसलाही 'पण' नव्हता. "अजून भरपूर आहे. तू लिही."

कशिशनं मान खाली घातली आणि पुन्हा लिहू लागली.